पवनचक्की पठारावर की शिवारात?

पवनऊर्जा प्रकल्प आखताना आधी वाऱ्याचा नकाशा पाहिला जातो, मग जमिनीचा उतारा. वारा भरपूर आणि जमिनीचे लचांड कमी, हे दोन्ही उघड्या पठारावर जुळून येते. साताऱ्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे ही पठारे म्हणूनच पवनचक्क्यांनी भरली. अशा जमिनीला सरकारी कागदांत सहसा पडीक म्हणतात. ती किती पडीक असते, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह चाळकेवाडीच्या परिसरात तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. खाणारे घटले म्हणून सरडे वाढले. त्यांच्यातले ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस जवळ आला तरी ते चटकन पळत नव्हते. पण अंगाने ते रोडावलेले होते आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. पात्यांना धडकून किती पक्षी मेले एवढेच मोजणाऱ्या अहवालात यातले काहीच आले नसते. अर्थात, आपल्याकडे तोही सक्तीचा नाही : २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत पवनऊर्जा नाहीच.

म्हणून माझे म्हणणे उलटे वाटेल असे आहे. पवनचक्की नांगरटीच्या शिवारात यावी, ‘रिकाम्या’ पठारावर नव्हे. यावर पहिला आक्षेप वाऱ्याचाच येतो, आणि तो खरा आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानुसार बदलते. वेग वीस टक्क्यांनी घटला तर ती जवळपास निम्मी होते. पण पठाराचा हा फायदा बुटक्या मनोऱ्यांच्या काळात निर्णायक होता. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार देशाची पवनक्षमता १०० मीटर उंचीवर ३०२ गिगावॅट, तर १२० मीटरवर ६९५ गिगावॅट आहे. वीसच मीटरचा हा फरक पाहिला की सपाट मुलखाला बाद ठरवण्याचे कारण उरत नाही. कर्नाटकात गदगच्या काळ्या रानात पवनचक्क्यांखाली पिके उभी असतातच.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक जड. सुपीक जमीन का अडवायची? कायमची अडते ती पाया, क्रेनचा ओटा आणि रस्ता यांपुरती. बाकी रान पिकते. पण काळ्या जमिनीत मुरुमाचा उंच रस्ता मोऱ्यांशिवाय टाकला, तर वरच्या अंगाला पाणी तुंबून शेजाऱ्याचे पीक पिवळे पडते, आणि त्या शेजाऱ्याशी कंपनीने कसलाच करार केलेला नसतो. तेव्हा खरेदीखताऐवजी दरवर्षी वाढणारे भाडे हवे, आणि ते मनोरा ज्याच्या गटात उभा आहे त्या एकट्यालाच नव्हे, तर आवाज आणि फिरती सावली सोसणाऱ्या लगतच्या खातेदारांनाही मिळावे. कंपन्या म्हणतील, वीज महागेल. थोडी महागेलही. पण आजची स्वस्ताई याच शेजाऱ्यांच्या खिशातून निघते.