अस्सल, नक्कल आणि तपासणीस

दप्तरखान्यात अस्सल कागद कोणाला दाखवावयाचा आणि नक्कल कोणाच्या हाती द्यावयाची, हा प्रश्न आम्हां सरकारी नोकरांच्या नित्य परिचयाचा आहे. संगणकाच्या अंतरंगातही हा प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो. आणि तेथे त्याचे निर्दोष उत्तर शोधण्यात जाणत्या माणसांची तब्बल सतरा वर्षे गेली, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. श्रोते हो, ती हकीकत आज सांगावयाची आहे. दुसऱ्याने सुचवलेली दुरुस्ती तपासणे हे काम किती अवघड असते, याचा तिच्यासारखा दुसरा दाखला माझ्या पाहण्यात नाही.

१९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाच्या संगणकप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. आज जगातील असंख्य मोठे संगणक त्यावर चालतात, आणि आपणांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्यांच्या खिशातही तोच गाभा आहे. हा गाभा कोणालाही वाचता येतो व कोणालाही त्यात बदल सुचवता येतो. बदल सुचवणारा आपल्या ओळी आणि त्यांमागचे कारण ई-टपालाने सर्वांसमक्ष मांडतो. जाणकार त्या वाचतात, आक्षेप घेतात, पटल्यास आपल्या नावाचा शेरा देतात. मग प्रकरण त्या त्या शाखेच्या प्रमुखाकडे जाते. स्मृतिव्यवस्थेची शाखा अनेक वर्षे अँड्र्यू मॉर्टन यांनी सांभाळली. तेथून अखेरच्या संमतीसाठी ते टोरवाल्ड्स यांच्याकडे जाते. आमच्या कचेरीतील टिपणीचा प्रवास याहून फारसा वेगळा नसतो. फरक एवढाच, की तेथील टिपणी सारे जग वाचू शकते.

आता स्मृतीविषयी. संगणकाची स्मृती पानापानांनी वाटली जाते. सामान्यतः एक पान ४०९६ बाइटांचे असते. प्रत्येक आज्ञावलीला गाभा पानांची एक यादी देतो, आणि सारी स्मृती आपल्याच मालकीची आहे अशा समजुतीत ती आज्ञावली वावरते. प्रत्यक्षात एकच पान अनेकांच्या यादीत असते. सर्वांना ते नुसते वाचावयाचेच असेल तर प्रत्येकाला वेगळी प्रत देणे हा निव्वळ अपव्यय होय. म्हणून नियम असा, की सर्वांनी अस्सल वाचावे. ज्याला आपल्यापुरता फेरफार करावयाचा असेल त्याला, तो लिहू लागेल त्या क्षणी, नक्कल करून द्यावी. इंग्रजीत याला 'कॉपी ऑन राइट' म्हणतात. युक्ती मोठी काटकसरीची आहे; पण अस्सलाला कोणाचीही लेखणी लागता कामा नये, या एका अटीवर ती उभी आहे.

या नियमाला एक आडवाट आहे. आज्ञावलीतील दोष शोधणाऱ्या साधनांना कधीकधी 'वाचनापुरते' असा शिक्का असलेल्या पानाच्या खाजगी प्रतीतही लिहावे लागते, म्हणून गाभ्याने तशी सोय मुद्दाम ठेवली आहे. अशा वेळी लिहिण्याचा अर्ज येतो, गाभा नक्कल तयार करतो, आणि पान मिळाले की नाही हे पुन्हा पाहतो. पण नक्कल झाली तरी तिच्यावरचा शिक्का तसाच राहतो. त्यामुळे तोच अर्ज पुन्हा फेटाळला जाणार आणि हा फेरा कधीच संपणार नाही. मग करावे काय? टोरवाल्ड्स यांनी २००५ साली एक उपाय केला: पान 'मळलेले' आहे, म्हणजे त्यावर लिहिले गेले आहे, अशी खूण असेल तर ते लिहिण्याजोगे समजावे. परंतु आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या यंत्रांवर ही खूण त्या काळी निराळ्या ठिकाणी ठेवली जात असे, आणि तेथे हा उपाय अडू लागला. तेव्हा तो मागे घेऊन दुसरा आणला गेला: नक्कल झाली, की अर्जातील 'लिहावयाचे आहे' हे शब्दच खोडून टाकावेत. नक्कल झालीच आहे, तेव्हा यापुढचा शोध केवळ वाचनाचा मानण्यास धोका नाही, असा खुलासाही त्या ओळींशेजारी होता.

हा खुलासा वाचणाऱ्याला पटतो, आणि तपासणीसाची खरी परीक्षा अशाच जागी असते. ओळी चूक नाहीत, कारण दिलेले आहे, यंत्र सुरळीत चालते. पण नक्कल होणे आणि पान पुन्हा शोधणे या दोन क्रियांत अत्यंत सूक्ष्म का होईना, अवकाश आहे. त्या अवकाशात तिसरे कोणी येऊ शकते काय, हा प्रश्न ओळींत लिहिलेला नसतो. एकच आज्ञावली दोन हातांनी काम करू शकते. एका हाताने ती लिहिण्याचा अर्ज करते. दुसऱ्या हाताने 'ही नक्कल मला नको, टाकून द्या' असे सांगत राहते. नेमक्या त्या अवकाशात नक्कल नाहीशी झाली, की गाभ्यासमोर उरतो तो केवळ वाचनाचा अर्ज. वाचणाऱ्याला अस्सल द्यावे हा तर नियमच! अस्सल दिले जाते, आणि लेखणी त्यावर चालते. ज्या फाइलीला हात लावण्याचा अधिकार नाही ती सामान्य वापरकर्ता बदलू शकतो, आणि तेवढ्या वाटेने साऱ्या यंत्राचा स्वामी होऊ शकतो.

हा दोष निदान २००७ पासूनच्या आवृत्त्यांत होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो उजेडात आला तोही कोणा तपासणीसाच्या नजरेमुळे नव्हे, तर प्रत्यक्ष झालेल्या एका हल्ल्याच्या जपून ठेवलेल्या नोंदींमुळे. 'डर्टी काऊ' असे त्याचे नाव पडले. नाव गमतीचे, प्रकरण गंभीर. अकरा वर्षांपूर्वीचा आपला प्रयत्न नीट नव्हता, हे टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणीत स्वच्छपणे लिहिले. आणि त्या काळी केवळ तात्त्विक वाटणारी ही शर्यत गाभ्यातील पुढच्या सुधारणांमुळे घडवून आणणे सोपे झाले होते, हेही नमूद केले. मला यातील दुसरे विधान अधिक मोलाचे वाटते. धोका नगण्य म्हणून बाजूला ठेवलेला कागद जागचा हलत नाही, पण त्याच्याभोवतीची कचेरी बदलते.

नव्या दुरुस्तीत शब्द खोडणे बंद झाले. 'नक्कल झालेली आहे' असा वेगळा शेरा अर्जावर मारावयाचा, आणि सोबत पान मळलेले आहे ना हे पाहावयाचे, असे ठरले. एस-३९० ची अडचण तोवर दूर झाली होती. परंतु मळलेले पान म्हणजे नक्कल केलेले पान, हे अनुमान होते. ती खूण मुळात त्यासाठी नव्हतीच. पुढे हाच युक्तिवाद मोठ्या आकाराच्या पानांना लावला गेला, तेव्हा तेथे नक्कल न होताही ती खूण उमटू शकते असे नोव्हेंबर २०१७ मध्ये आढळले. हानीचा आवाका या खेपेस लहान होता. तिसरा प्रसंग २०२२ चा. गाभ्याच्या अगदी निराळ्या भागातील एका बदलाने सामायिक स्मृतीतील पानांना 'मळलेले' ठरवण्यास आरंभ केला होता. तो बदल आपल्या जागी रास्त असेलही. पण ती खूण दुसरीकडे कोणी पुरावा म्हणून वापरीत आहे, हे तो तपासताना ध्यानात आले नाही. हातातील ओळी कोणीही वाचील. त्या ओळींवर इतरत्र कोण विसंबून आहे हे शोधावयाचे, तर सारे दप्तर तोंडपाठ असावे लागते.

त्या वर्षी मात्र अनुमानाची वाटच सोडण्यात आली. २०१६ चा तो शेराही काढून टाकला गेला. आता गाभा खुणेवरून तर्क करीत नाही. हे पान फाइलीपासून तुटलेले, केवळ याच आज्ञावलीच्या मालकीचे आहे काय, असे तो सरळ त्या पानाच्याच नोंदीत पाहतो, आणि तसे नसेल तर लेखणी चालू देत नाही.