दोघांनी पाहावी अशी छोटी आगगाडी

लघु आगगाड्यांचा छंद हा बहुधा घरातील एकाच व्यक्तीचा छंद मानला जातो. एकाने तासन् तास रूळ जोडावेत आणि दुसऱ्याने कौतुकाने किंवा नाइलाजाने पाहत राहावे, असे चित्र सर्वत्र दिसते. अशा गाड्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला पती-पत्नी एकत्र गेले, की काही वेळातच एकाचा उत्साह वाढत जातो आणि दुसऱ्याची नजर घड्याळाकडे वळते. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात उभारण्यात आलेल्या ‘मिनियाटूर वुंडरलँड’ या प्रदर्शनाच्या कर्त्यांना या अडचणीचा विचार आरंभीच करावा लागला.

फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे बंधू हॅम्बुर्गमध्ये नृत्यगृह चालवीत असत. सन २००० च्या उन्हाळ्यात झुरिक येथे लघु आगगाड्यांचे एक दुकान पाहून फ्रेडरिक यांच्या मनात बालपणीचे स्वप्न पुन्हा जागे झाले. या कल्पनेविषयी लोकांचे मत अजमावले असता पुरुषांनी तिला चांगली पसंती दिली, स्त्रियांचा प्रतिसाद मात्र अत्यल्प होता. त्यामुळे केवळ रूळ आणि इंजिने न मांडता, ज्यात कोणालाही रमता येईल असे एक संपूर्ण जग उभारण्याचे ठरविण्यात आले. १६ ऑगस्ट २००१ रोजी हे प्रदर्शन खुले झाले. ज्या जुन्या गोदामांच्या परिसरात ते आहे, त्याला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

येथील गाड्या ‘एचओ’ या प्रमाणात, म्हणजे मूळ आकाराच्या १/८७ इतक्या आहेत. या हिशेबाने साडेपाच फूट उंचीचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो, तर एक किलोमीटरचे अंतर साडेअकरा मीटरमध्ये सामावते. सुमारे १६ किलोमीटर लांबीच्या रुळांवरून एक हजाराहून अधिक गाड्यांचा कारभार येथे चालतो. त्यांचे नियंत्रण संगणक करतो. रुळांचे लहान लहान खंड पाडलेले असून, एका खंडात एक गाडी असेपर्यंत दुसरीला तेथे प्रवेश मिळत नाही. प्रत्यक्ष रेल्वेमार्गावरील सुरक्षिततेचे तत्त्वही हेच आहे. रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींना रूळ नसतात. रस्त्याखाली तार बसविलेली असते आणि मोटारीच्या पुढील चाकांना जोडलेले लोहचुंबक त्या तारेचा माग घेते. २०११ मध्ये सुरू झालेल्या लघु विमानतळावरून विमाने उड्डाण करतात आणि तेथे उतरतातही.

तथापि, या प्रदर्शनाचे खरे आकर्षण यंत्रांपलीकडे आहे. दर पंधरा मिनिटांनी येथे एक दिवस मावळतो, दालनातील प्रकाश मंद होतो आणि इवल्याशा घरांच्या खिडक्यांतून असंख्य दिवे उजळतात. अडीच लाखांहून अधिक मनुष्याकृती आपापल्या उद्योगात मग्न असतात. कोठे आग विझविली जात असते, तर कोठे सूर्यफुलांच्या शेतात एखादे प्रेमी युगुल जगाच्या नजरेआड बसलेले असते. स्कँडिनेव्हिया विभागात खऱ्या पाण्यावर जहाजे चालतात. प्रेक्षकांना दाबता येतील अशा अनेक कळा ठिकठिकाणी बसविल्या आहेत. स्वित्झर्लंड विभागातील एक कळ दाबली असता लहानशा कारखान्यातून खरोखरीचे चॉकलेट हाती येते.

दांपत्याने असे प्रदर्शन पाहताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह ठरते. पहिली म्हणजे वेळ. येथे तीन ते चार तास सहज लागतात आणि गर्दीच्या दिवशी प्रवेशासाठी थांबावे लागते. म्हणून वेळ आधी निश्चित करून तिकीट घेणे सोयीचे असते. दुसरी म्हणजे गती. ज्याला सिग्नल, सांधे आणि इंजिनांत रस आहे, त्याला एकाच स्थानकापाशी अर्धा तास लागू शकतो. अशा वेळी दुसऱ्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा काही काळ वेगवेगळे फिरून ठरलेल्या जागी भेटणे उत्तम. त्यानंतरची फेरी मात्र एकत्र करावी आणि प्रत्येकाने आपल्याला गवसलेले एखादे दृश्य दुसऱ्याला दाखवावे. एकाने गाडी पाहिलेली असते, दुसऱ्याने फलाटावर निरोप घेणारी माणसे. दोन्ही मिळूनच ते स्थानक पूर्ण होते.

मराठी वाचकांना असा अनुभव घेण्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांच्या छंदातून साकारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे हॅम्बुर्गच्या प्रदर्शनापूर्वी तीन वर्षे खुले झाले. त्याचा आकार हॅम्बुर्गच्या तुलनेत फारच लहान असला, तरी एका व्यक्तीची आवड इतरांसाठी खुली करण्याची प्रेरणा तीच आहे.

हॅम्बुर्गच्या प्रदर्शनाला आजवर दोन कोटींहून अधिक प्रेक्षकांनी भेट दिली आहे. ज्यांना या छंदात रस नव्हता त्यांचा विचार प्रथम केल्याने छंदाचे मोल कमी झाले नाही, उलट त्याचे जग विस्तारले. घरातील छंदालाही हेच लागू पडते.