नरक्या : सह्याद्रीतील एक संकटग्रस्त वनौषधी

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत नरक्या हे सदाहरित झुडूप वाढते. फुलांच्या दुर्गंधीमुळे त्याच्याकडे सहसा कोणी वळत नसे. मात्र त्याचे मोल आज जगभर जाणले जाते.

मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी व डॉ. मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात विपुल आढळले. त्यापासून अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील औषधे तयार होतात.

हेच मोल नरक्याच्या मुळावर आले आहे. हे द्रव्य खोडात व मुळांत असल्याने संपूर्ण झुडूपच तोडले जाते. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटू शकतात. परंतु मुळासकट उपटलेले झुडूप कायमचे नष्ट होते. बी धरणारी झाडे घटली की नवी रोपेही दुर्मिळ होतात.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असतात. या समित्यांनी आपल्या शिवारातील नरक्याची नोंद करावी, चोरट्या तोडीवर लक्ष ठेवावे आणि शाळांच्या साहाय्याने रोपवाटिका उभाराव्यात. रुग्णांना जीवदान देणारे हे झुडूप जगविणे गावाच्याच हाती आहे.