फळ्यावर रोज किती लिहावे?

मंडईत भाजी घ्यावयास गेलेला पुणेकर नुसती भाजी घेऊन परतला, असे सहसा घडत नाही. मेथीच्या जुडीबरोबर चार बातम्याही त्याच्या पिशवीत पडतात. 'मंडई विद्यापीठ' हे नाव थट्टेने पडले असले, तरी ते अगदीच निरर्थक नव्हते. १८८६ साली उघडलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत प्रथम मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. तिच्यावरील खर्चाला नगरपालिकेचे सदस्य या नात्याने महात्मा फुले यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तीच इमारत फुल्यांच्या नावाची झाली. शेजारी लोकमान्यांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. अशा ठिकाणी बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण असते ती लिहिणाऱ्याची. म्हणजे चार लोकांच्या उपयोगाची गोष्ट भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने नीट लिहून ठेवणाऱ्याची.

पेठांतील तालमींचे, गणेश मंडळांचे असे फळे पुण्याला नवे नाहीत. सकाळची वर्तमानपत्रे येतात, मंडळाचा एखादा कार्यकर्ता त्यांतील दोन-तीन बातम्या निवडतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी थोडक्यात उतरवितो. जोडीला निधनवार्ता, पाण्याची सूचना, रक्तदान शिबिराची तारीख. फळा स्वतः बातमी मिळवीत नाही. दुसरीकडे असलेल्या बातमीकडे तो फक्त बोट दाखवितो. आणि म्हणूनच हे बोट दिवसातून किती वेळा दाखवावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

फळा दोन दुखण्यांनी मरतो. पहिले दुखणे सर्वांच्या परिचयाचे आहे. गेल्या महिन्यातील व्याख्यानाची सूचना अर्धवट पुसट होऊन तशीच राहते, कोपऱ्यात कोणी तरी फुली मारलेली असते, आणि पुढे त्या काळ्या चौकोनासमोर केळ्यांची हातगाडी उभी राहू लागते. दुसरे दुखणे मात्र उत्साहाचे वेष घेऊन येते. एखाद्या हौशी गृहस्थाच्या हाती खडू लागतो आणि सकाळी तीन, दुपारी चार, संध्याकाळी पुन्हा दोन अशा बातम्या झळकू लागतात. पहिल्या आठवड्यात लोक कौतुक करतात. पुढे अक्षर लहान होते, ओळी दाटीवाटीने बसतात. दुसऱ्या कोणास काही लिहावयाचे असले तर जागा उरत नाही आणि काही दिवसांनी तशी इच्छाही उरत नाही. रिकाम्या फळ्याकडे आणि खच्चून भरलेल्या फळ्याकडे वाटसरू सारख्याच उदासीनतेने पाहतो.

मग रोज एक, की दोन, की पाच? असा आकडा ठरवून टाकणे सोयीचे असते, पण प्रत्येक बातमीचे आयुष्य निराळे असते, हे त्यात विसरले जाते. वैकुंठ स्मशानभूमीत सकाळी दहा वाजता अंत्यविधी असेल, तर ती वार्ता आठच्या आत लागली पाहिजे आणि दहाच्या आत ती कोणी पुसता कामा नये. मग दिल्लीत कोणतेही सरकार कोसळो. देखभालीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी. त्याची सूचना बुधवारी दुपारपर्यंत फळ्यावर नसेल तर ती असून नसल्यासारखी, आणि शुक्रवारीही तशीच राहिली तर वाचणाऱ्याची दिशाभूल करणारी. भाजीच्या घाऊक दराचा क्रम तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील आवकेनेच ठरवून दिलेला आहे. पहाटेचा व्यवहार झाला की त्या दिवसाचा दर ठरला. तो दिवसातून एकदा लिहिणे योग्य. तासातासाला लिहिल्याने वांगी स्वस्त होत नाहीत.

याच्या उलट उदाहरण मंडईच्या दारातच आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक टिळकांच्या पुतळ्यापासून निघते. कसबा गणपती पुढे, त्यामागून मानाचे बाकीचे चार गणपती, आणि मग शेकडो मंडळे. अलीकडच्या वर्षांत हा सोहळा चोवीस तासांच्याही पलीकडे गेला आहे. त्या दिवशी कोणता गणपती कोणत्या चौकात आला, हे घटकाघटकाला सांगितले तरी कोणी कंटाळत नाही, कारण लहान मुले आणि वृद्ध माणसे घेऊन निघालेल्या कुटुंबाला ते हवेच असते. तेव्हा वारंवारता हा स्वतः दोषही नव्हे आणि गुणही नव्हे. सांगणाऱ्याची हौस किती, यावर ती ठरू लागली की बिघाड होतो.

वर्तमानपत्रांचा इतिहासही येथे विचारात घेण्यासारखा आहे. पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली साप्ताहिक म्हणून निघाले आणि १९०४ साली दैनिक झाले. 'केसरी' १८८१ साली साप्ताहिक म्हणून सुरू झाला. तो दैनिक झाला १९६२ साली. म्हणजे लोकमान्यांच्या हयातीत, १९२० पर्यंत, 'केसरी' रोज निघत नव्हता. आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या अंकाची गावोगाव वाट पाहिली जाई, तो सामुदायिक रीतीने वाचला जाई, आणि त्यातील लेखांवरून सरकारने संपादकास तुरुंगातही धाडले. रोज निघाला असता तर तो सातपट प्रभावी झाला असता, असे कोणी म्हणणार नाही. अर्थात यावरून दैनिके अनावश्यक होती असे ठरत नाही. १९३२ साली नानासाहेब परुळेकर यांनी 'सकाळ' काढला, तेव्हा शहराच्या दैनंदिन व्यवहाराची बातमी रोज हवी असणारा वाचक तयार झालेला होता. वाचकाची गरज आणि अंकाचा क्रम यांचा मेळ दोन्ही ठिकाणी बसला, इतकेच.

फळ्यावर जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते, ती संख्येविषयी नसते, हातांविषयी असते. रोज पाच बातम्या पाच जणांनी लिहिल्या तर त्या वस्तीच्या वाटतात. त्याच पाच एकाने लिहिल्या तर फळा त्याचा वाटू लागतो. त्यातून तो गृहस्थ आपल्याच शिकवणीवर्गाची, आपल्याच मेहुण्याच्या दुकानाची किंवा आपल्याच पक्षाच्या सभेची सूचना आठवड्यातून चार वेळा लावीत असेल, तर मग बोलावयासच नको. स्वतःच्या कामाची वार्ता देण्यात गैर काही नाही. परंतु दुसऱ्यांच्या चार उपयुक्त गोष्टी ज्याने कळविलेल्या असतात, त्याची स्वतःची पाचवी गोष्ट लोक आपुलकीने वाचतात. केवळ जाहिरातीसाठी जो खडू उचलतो, त्याचे अक्षर दुरून ओळखून लोक मान वळवितात.

जुन्या फळ्याजवळ या सर्वांवर एक अंगचाच उपाय होता. जागा ठरलेली, नवे लिहावयाचे तर ओले फडके घेऊन जुने पुसावे लागे. पुसताना कोणाचे पुसतो आहोत, याचा क्षणभर तरी विचार करावा लागे. लिहिणारा चौकात सर्वांदेखत उभा राही, त्याचे अक्षर ओळखीचे असे, आणि खोटे लिहिले तर संध्याकाळी त्याच कट्ट्यावर जाब विचारला जाई. हाच वार्ताफलक आता प्रत्येकाच्या खिशात, मोबाईलमध्ये गेला आहे. तेथे फडके नाही आणि अक्षरही नाही. बोटाच्या एका स्पर्शाने शंभर जणांना कळविता येते, आणि कळविणाऱ्यास काहीच खर्ची घालावे लागत नाही.

त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होते. ज्यांनी ते पुढे धाडले, त्यांतील बहुतेकांच्या मनात कोणाला मारावयाचे नव्हते. शेजाऱ्याला सावध करीत आहोत, असेच त्यांना वाटत असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही, असे बंधन घालण्याचे जाहीर केले. २०१९ च्या जानेवारीत ते जगभर लागू झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या काळात, फार फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरले. त्यामुळे अशा संदेशांचे प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. ओल्या फडक्याचे काम अखेर यंत्राकडून करवून घ्यावे लागले. यंत्र मात्र संख्या मोजते. खरेखोटे त्याला कळत नाही, आणि अंत्यविधीची वार्ता व अफवा यांना ते एकाच मापाने मोजते.

म्हणून मंडईसारख्या ठिकाणी फळा अजूनही चालवावयाचा असेल, तर नियम थोडे आणि माणसाने पाळावयाचे असावेत. एका हाताने दिवसात एकच बातमी लिहावी. आपल्या स्वतःच्या कामाची आठवड्यातून एकच. अंत्यविधी, पाणी आणि दवाखाना यांना ही मोजणी लावू नये. बातमी कोठून घेतली ते खाली लिहावे. दुसऱ्याचे पुसण्यापूर्वी त्याची वेळ टळली आहे की नाही ते पाहावे. चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरात यावी. आणि सांगण्याजोगे काही नसेल त्या दिवशी फळा कोरा ठेवण्यास संकोच वाटू नये. कोरा आणि स्वच्छ पुसलेला फळा हा ओसाड फळ्याहून वेगळा दिसतो, हे चौकातल्या माणसाला चांगले समजते.

२९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईला जमिनीखाली मेट्रोचे स्थानक झाले आहे. जिना चढून वर येणारा कारकून किंवा विद्यार्थी भिंतीपाशी थांबला, तर फार तर अर्धा मिनिट थांबतो. तेवढ्यात ठळक अक्षरातील तीन ओळी वाचून होतात. चौथ्या ओळीपर्यंत मागून येणारा मनुष्य त्याला पुढे सरकवितो.