एका खोडात सहाशे दारं

जगात पाइनच्या शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांत सगळ्यांत थोराड शुगर पाइन. अमेरिकेच्या पश्चिमेला, ओरेगनपासून कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडापर्यंतच्या डोंगरांत तो वाढतो. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या एका झाडाची उंची 83 मीटर भरली, म्हणजे सत्तावीस मजली इमारतच. त्याचा शंकू हातभर लांब, आतलं बी मात्र जेमतेम पाव ग्रॅमचं!

1826 साली डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पती-संग्राहक हे शंकू मिळवायला ओरेगनात गेला. झाडावर चढणं अशक्य, म्हणून त्याने बंदुकीने गोळ्या झाडून तीन शंकू खाली पाडले. बार ऐकून आठ सशस्त्र स्थानिक तिथे हजर झाले आणि त्याला काढता पाय घ्यावा लागला. त्याआधी त्याने वाऱ्याने उन्मळलेलं एक झाड मोजलं होतं. लांबी 215 फूट, बुंध्याचा घेर 57 फूट 9 इंच आणि 134 फुटांवरही घेर 17 फूट 5 इंच!

आता जरा हिशेब करू. तो वरचा, बारीक घेरच खालपर्यंत धरला तरी 134 फुटांत 90 घनमीटर लाकूड भरतं. कापणीत निम्मं वाया गेलं असं मानलं, तरी चार सेंटिमीटर जाडीची सहाशे भरीव दारं निघतील.

आणि हे लाकूड दारांसाठीच नावाजलेलं. सरळ रेषेचं, मऊ आणि सुकल्यावर सहसा न वाकणारं. वजन घनमीटरला सुमारे 400 किलो, तर सागाचं साधारण 650. त्यामुळे खिडक्यांच्या चौकटी, धातूच्या ओतकामाचे नमुने, पियानोच्या पट्ट्या, ऑर्गनच्या नळ्या, सगळीकडे ते चाललं. 1849 च्या सुमारास सोन्यामागे धावत आलेल्यांनी घरांची छपरं आणि सोनं धुण्याचे पन्हळ याच लाकडाचे केले.

खरा चक्रावणारा आकडा मात्र डोळ्यांना दिसत नाही. 2016 मध्ये या झाडाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, जाहीर झाला. त्यात 3,100 कोटी अक्षरं आहेत, माणसाच्या दहापट. सेकंदाला एक या वेगाने ती वाचायची तर साडेनऊशेहून अधिक वर्षं लागतील. झाड स्वतः जगतं पाचशे-सहाशे वर्षं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयात रोपांबरोबर आलेल्या ब्लिस्टर रस्ट या बुरशीने ही झाडं मारायला सुरुवात केली. त्या 3,100 कोटी अक्षरांतलं एक जनुक बुरशीच्या बहुतेक प्रकारांना थोपवतं. आज अमेरिकेचा वनविभाग ते जनुक असलेल्या झाडांचं बी शोधून लावतो आहे.