'कॉल' एकच, अर्थ चार: ऑर्डरचं इंग्रजी नीट वाचा



समजा, सकाळी दुकान उघडलं आणि मोठ्या गिऱ्हाइकाचा मेसेज दिसला: "वी हॅव टू कॉल ऑफ द ऑर्डर." 'कॉल' म्हणजे फोन, असं समजून तुम्ही माल भरायला घेतलात, तर नुकसान तुमचंच. कारण समोरच्याने ऑर्डर रद्द केलीय!

याला म्हणतात फ्रेझल व्हर्ब. क्रियापद तेच, पण पुढचा छोटा शब्द बदलला की अर्थ पार बदलतो.

घाबरू नका. मराठीत हे आपण रोज करतो. "पैसे देऊन टाक" म्हणजे विषय मिटव. "पैसे देऊन ठेव" म्हणजे आधीच दे. आणि "पैसे देऊन बसलो" म्हणजे आता पस्तावतोय! तिन्हीकडे 'देणे'च आहे, भाव मात्र पुढच्या शब्दात.

धंद्यात लागणारे 'कॉल'चे चार प्रकार बघा:

- कॉल बॅक: उलट फोन करणे. "आय विल कॉल यू बॅक."
- कॉल ऑफ: रद्द करणे. "दे कॉल्ड ऑफ द मीटिंग."
- कॉल ऑन: जाऊन भेटणे. "अवर सेल्समन विल कॉल ऑन यू." इथे फोन नाही, माणूस येणार.
- कॉल फॉर: गरज असणे. "धिस ऑर्डर कॉल्स फॉर बेटर पॅकिंग." म्हणजे पॅकिंग चांगलंच लागेल.

आता एक मेख. कंपनीच्या कागदावर 'कॉल-ऑफ ऑर्डर' असं नाव दिसलं, तर ती रद्द झालेली नसते. दर आणि अटी आधीच ठरलेल्या असतात, त्यातला लागेल तेवढा माल या ऑर्डरने मागवतात. म्हणजे एकीकडे माल थांबवायचा, दुसरीकडे पाठवायचा! म्हणून नुसता शब्द नको, पूर्ण वाक्य वाचा.

लक्षात कसं ठेवायचं? लांबलचक यादी पाठ करू नका. आठवड्याला एकच क्रियापद घ्या. प्रत्येक प्रकाराचं तुमच्या मालावरचं एक वाक्य हिशेबाच्या वहीमागे लिहा आणि मोठ्याने म्हणा. 'कॉल ऑफ'मध्ये 'इट' आला की तो मध्ये बसतो: "कॉल इट ऑफ". "कॉल ऑफ इट" चुकीचं.

तरीही शंका आली तर सरळ विचारा: "डू यू वॉन्ट टू कॅन्सल द ऑर्डर?" यात लाज कसली? लेखी उत्तर येईपर्यंत माल हलवू नका.

पुढच्या आठवड्याचं क्रियापद 'टेक'. टेक बॅक म्हणजे माल परत घेणे, टेक ऑन म्हणजे कामावर घेणे. वही उघडा, पहिलं वाक्य आजच लिहा.