पोराचं लर्निंग लायसन्स आणि धंद्याची गाडी: स्वस्त इन्शुरन्स शोधण्याआधी हे वाचा



बारावीचा निकाल लागला की आमच्या वसईच्या बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो नालासोपाऱ्याच्या एका ताईंनी विचारला. ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय. दारात पांढऱ्या नंबरप्लेटची ईको. मुलाला अठरा पूर्ण झाली आणि आठवड्याभरात त्याने लर्निंग लायसन्स काढलं.

ताई म्हणाल्या, "सर, पोराच्या नावाने स्वस्तातला इन्शुरन्स कुठे मिळेल? माझा भाऊ अमेरिकेत आहे. तो सांगतो, तिकडे पोरगं गाडीला हात लावायला लागलं की प्रीमियम कुठच्या कुठे जातो."

मी म्हटलं, "आपल्याकडे त्याच्यामुळे प्रीमियम वाढणार नाही ताई. पण मला सांगा, त्या ईकोतून माल जातो का?"

"जातो ना. रोज. पापडीपासून सातिवलीपर्यंत."

"मग पोराचं नंतर बघू. आधी तुमची पॉलिसी काढा."

त्या दिवशी बॅचचा उरलेला तास यातच गेला. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

इन्शुरन्स गाडीचा असतो, ड्रायव्हरचा नाही

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये घरातला कोण गाडी चालवणार, त्याचं वय काय, हे पॉलिसीत नावानिशी लिहावं लागतं, आणि नवशिक्या पोराचा प्रीमियम जबरदस्त असतो. आपल्याकडे पॉलिसी गाडीवर निघते. थर्ड पार्टीचा दर इंजिनच्या सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये आहेत. त्यावर जीएसटी. चालवणारा अठराचा आहे की अठ्ठावन्नचा, हे त्यात कुठेच येत नाही.

म्हणजे "लर्नरसाठी वेगळी पॉलिसी" असं कुणी विकायला आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा. गाडीची जी पॉलिसी आहे तीच लर्नरलाही लागू होते. अटी पाळल्या तर.

त्या अटी पॉलिसीत "ड्रायव्हर्स क्लॉज" या नावाखाली चार ओळींत असतात. चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. लर्निंग लायसन्सवालाही चालेल, पण त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळलेला असावा. हा नियम तीन गोष्टी मागतो. लर्निंग लायसन्स मुदतीत हवं (ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते). शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवर मोबाईल बघणारा मामा चालत नाही. आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल". त्याचं मापसुद्धा लिहिलंय: पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच.

आपण काय करतो? काचेच्या कोपऱ्यात लाल टेपचे दोन तुकडे चिकटवतो. आणि "जरा नाक्यावरून दूध घेऊन ये" म्हणून पोराला एकट्याला पाठवतो. त्या दोन किलोमीटरपुरती तुमची पॉलिसी अडचणीत असते. प्रीमियम पूर्ण भरलेला असला तरी.

पांढरी प्लेट आणि डिक्कीतला माल

ताईंचा खरा धोका इथे होता. खाजगी कारच्या पॉलिसीत "लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज" नावाची एक ओळ असते. भाड्याने वापर नको, शर्यत नको, आणि मालवाहतूक नको. सॅम्पल आणि वैयक्तिक सामान तेवढं चालतं. म्हणजे दुकानदाराला दाखवायला मसाल्याची चार पाकिटं नेली तर ठीक. चाळीस किलोची गोणी टाकून डिलिव्हरीला निघालात, तर अपघातानंतर सर्व्हेअर येऊन फोटो काढतो आणि क्लेम तिथेच लटकतो. त्यात चालवणारा लर्नर असेल तर कंपनीला नाही म्हणायला दोन कारणं मिळाली.

मी स्वतः पॅकेजिंग मटेरियलच्या दुकानात पहिली दोन वर्षं हेच केलं. मागची सीट पाडून पुठ्ठ्याचे बॉक्स भरायचे आणि गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टाकून यायचे. बीबीएला इन्शुरन्सचा आख्खा पेपर दिला होता, पण स्वतःची पॉलिसी वाचली नव्हती. काही झालं नाही, हे नशीब. त्याला प्लॅनिंग म्हणत नाहीत.

मग पिवळ्या प्लेटचा छोटा हत्ती घ्यावा आणि पोराला बसवावं? थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ नुसार वीस वर्षांखालच्या व्यक्तीला सार्वजनिक रस्त्यावर ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येत नाही. कलम ७ सांगतं की एलएमव्ही लायसन्सला एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंगही मिळत नाही. वर मालवाहू गाडीच्या ड्रायव्हर्स क्लॉजमध्ये लर्नरला परवानगी असते ती गाडीत माल नसतानाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं. ही बातमी ऐकून बरेच जण खूश झाले. बरोबरच आहे, लहान टेम्पोवाल्यांना मोठा दिलासा आहे. पण वीस वर्षांची अट वेगळी आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला तिचा फायदा नाही.

क्लेम अडकला तर कोण भरतं?

एजंट म्हणतो, "काही होत नाही सर, थर्ड पार्टीला कंपनीला द्यावंच लागतं." हे अर्धं खरं आहे. २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लर्निंग लायसन्स हेही कायद्याने लायसन्सच आहे, त्या एका कारणावर कंपनी हात झटकू शकत नाही. तिथेच हेही ठरलं की अटीचा भंग झाला असेल, तरी जखमी किंवा मृताच्या कुटुंबाला पैसे आधी कंपनीने द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत.

"मालकाकडून" हा शब्द नीट वाचा. आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा प्रोप्रायटरशिपमध्ये आहे. तिथे दुकानाचा पैसा, घराचा पैसा, एफडी, सगळं एकाच माणसाचं. वसुली आली तर ती दुकानाच्या शटरपाशी थांबत नाही. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई सहज काही लाखांत जाते.

कोटेशनमध्ये आणखी एक जागा बघा. थर्ड पार्टीच्या मालमत्तेचं नुकसान, टीपीपीडी म्हणतात त्याला. कारसाठी त्याची मर्यादा साडेसात लाख असते. ती सहा हजारांवर आणली तर प्रीमियममध्ये शंभर रुपये वाचतात. स्वस्त कोटेशन मागितलं की कुणीतरी हळूच हा पर्याय टिक करतं. नवशिक्याने स्टेलाला उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या एसयूव्हीचा दरवाजा आत घातला, तर सहा हजारांत काय होणार?

मग पैसे वाचवायचे कुठे?

सगळ्यात मोठी बचत एनसीबीत आहे, नो क्लेम बोनस. क्लेम न घेता वर्षं गेली की स्वतःच्या गाडीच्या भागावर, म्हणजे ओडी प्रीमियमवर, २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट. लर्नर घरात आला की पहिल्या सहा महिन्यांत एखादा बंपर जातोच. तेव्हा काय करायचं, याचं गणित मांडू.

समजा ओडी १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे ६,००० भरता. मुलाने गेटला घासली, बिल ४,५०० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये तुम्ही भरायचेच असतात, म्हणजे कंपनीकडून जास्तीत जास्त ३,५०० येणार. पुढच्या वर्षी एनसीबी शून्य: ६,००० जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के: ३,६०० जास्त. मग ३,०००, मग १,८००, मग ६००. पाच वर्षांत १५,००० रुपये, जीएसटी वेगळा. ओडी दरवर्षी कमी होतो, त्यामुळे खरा आकडा थोडा खाली येईल, पण ३,५०० साठी हा सौदा कोण करेल? छोटा डेंट खिशातून. कुणाला लागलं असेल तर मात्र पोलिसांना आणि कंपनीला कळवायचंच, तिथे हे गणित लावायचं नाही.

म्हणून मी सांगतो, लर्नरच्या वर्षासाठी दहा-पंधरा हजार बाजूला काढा. धंद्यात जसा आपण ब्रेकेज धरतो ना, तसंच. आणि एनसीबी तुमच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. गाडी विकली तर तो नव्या गाडीला लावून घ्या. रिन्युअल चुकून ९० दिवसांच्या वर गेलं की सगळा जातो.

गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर त्या एका वर्षासाठी झिरो डेप घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि नवशिक्या जे फोडतो ते बहुतेक प्लास्टिकच असतं. गाडी कमी फिरत असेल तर "पे अ‍ॅज यू ड्राइव्ह" विचारा. २०२२ पासून ते ओडीसोबत मिळतं, किलोमीटर कमी तर प्रीमियम कमी. स्वतःहून जास्तीचा डिडक्टिबल घेऊन सूट मिळते, पण या वर्षी नको.

वसईकरांना इंजिन प्रोटेक्टबद्दल वेगळं सांगायला नको. जुलैत पाणी भरलं की गाडी मध्येच बंद पडते, आणि घाबरलेलं पोरगं पहिली गोष्ट करतं ती म्हणजे पुन्हा स्टार्टर. पाणी आत खेचलं जातं, इंजिन जातं, आणि साधी पॉलिसी म्हणते हे नुकसान पुरामुळे नाही, स्टार्टरमुळे. अ‍ॅड-ऑन घ्या, आणि पोराला क्लचच्याही आधी हे शिकवा.

जुनी छोटी कार शिकायला घेणार असाल, तर पॉलिसीही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा हा "ओनर-ड्रायव्हर"चा, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे त्याचा. मुलगा चालवत असताना त्याला लागलं, तर तो यात नाही. त्याच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. "पोराच्या नावाने इन्शुरन्स" हवाच असेल, तर तो हा.

आणि अठराच्या आत असेल तर

इथे इन्शुरन्सचा विषयच नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियर दुचाकीचं लायसन्स मिळतं. अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीची आहे. दुकानातून "जरा पार्सल टाकून ये" म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला चावी दिलीत, तर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९ए खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. ती कोट्यवधींची पोर्शे होती. कलम स्कूटरलाही तेच आहे.

ताईंनी काय केलं ते सांगतो. मुलाला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातलं, पहिल्या चुका ड्युअल कंट्रोलच्या गाडीत होऊ देत म्हणाल्या. मसाल्याची डिलिव्हरी आठवड्यातून तीनच दिवस ठेवली आणि त्यासाठी भाड्याचा टेम्पो लावला. दुकानदार कुरकुरले, पण कुणी ऑर्डर तोडली नाही. ईको घरच्या वापराला राहिली, टीपीपीडी पूर्ण घेऊन रिन्यू झाली. एलची पाटी त्यांनी मसाल्याचं लेबल छापणाऱ्याकडूनच करून घेतली, आणि बॅचमध्ये मला पट्टी लावून मोजायला लावली. अठरा बाय अठरा, बरोबर होती.